पायरी झाल्यावर पडद्यावर काय दिसतं, तेही लिहा

डॉक्युमेंटेशन शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी आल्या आल्या लिहायला बसवत नाही. सपोर्टच्या टेबलाशेजारी खुर्ची देते, एक वही देते आणि सांगते, फोन ऐका. आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालतं. सकाळी उजाडायच्या आत रांग लागलेली असते. काट्यावर दूध मोजायचं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) बघायचा, पावती काढायची, पुढचा या. यात कुठे काही अडलं की आम्हाला फोन येतो, आणि बोलणाऱ्याच्या मागून किटल्या घेऊन उभ्या असलेल्यांची कुरकुरही ऐकू येते. आपण लिहिलेलं पान उघडतो तो हा माणूस. चहाचा कप हातात धरून निवांतपणे पहिल्या पानापासून मॅन्युअल वाचणारा वाचक मला अजून भेटायचाय.

वहीत काय टिपायचं? फोन करणाऱ्याचं वाक्य, जसंच्या तसं. ‘मशीनवर फॅट दिसतंय, पावतीवर शून्य येतंय.’ ‘काल दर बदलला तरी आज जुन्याच दराने पावत्या निघाल्या.’ ‘एकाच दुधाच्या दोन पावत्या निघाल्या, आता खरी कुठली?’ ही वाक्यं म्हणजे आयती शीर्षकं. आमच्या जुन्या मॅन्युअलमध्ये याच विषयांची पानं होती, पण त्यांची नावं होती ‘उपकरण जोडणी’, ‘दर व्यवस्थापन’ आणि ‘व्यवहार दुरुस्ती’. कोड लिहिणाऱ्याने ज्या नावांचे कप्पे केले, तीच नावं मॅन्युअलला चिकटवलेली. पावतीवर शून्य येतंय म्हणून घामाघूम झालेल्या माणसाला ‘उपकरण जोडणी’ उघडायचं सुचणार कसं? तेच पान ‘पावतीवर फॅट शून्य येत असेल तर’ या नावाने ठेवलं की त्याला ते सापडतं.

तुमच्याकडे सपोर्टचा फोन नसेल तर तिकिटं, म्हणजे ग्राहकांनी लिहून कळवलेल्या तक्रारी, वाचा. तीही नसतील तर टीमच्या चॅटमध्ये ‘कुणाला माहितीये का’ एवढं शोधा. त्याखाली जे निघेल ती तुमची अनुक्रमणिका.

चार प्रकार, पण चार फोल्डर नकोत

डॅनिएल प्रोचिडा यांनी मांडलेली डायटॅक्सिस नावाची पद्धत आमच्या क्षेत्रात बऱ्याच ठिकाणी वापरतात. ती तांत्रिक दस्तऐवजाचे चार प्रकार करते: नवख्याला हाताला धरून शिकवणारा धडा, एक ठरावीक काम पार पाडून देणारी कृती, हवी ती नोंद चटकन बघता येईल असा संदर्भ, आणि ‘हे असं का’ याचं स्पष्टीकरण. हे कळलं की लोक उत्साहाने चार फोल्डर करतात आणि त्यातले तीन वर्षभर रिकामे राहतात. माझा वापर त्याहून साधा आहे. लिहिलेल्या प्रत्येक परिच्छेदाला विचारायचं, बाबा, तू यातला कोण? दर बदलण्याच्या पानावर सुरुवातीलाच एसएनएफ म्हणजे काय यावर तीन परिच्छेद असतील, तर कृतीत स्पष्टीकरण घुसलंय. उचला आणि दुसऱ्या पानावर ठेवा. (तसंही एसएनएफ म्हणजे काय हे संस्थेच्या सचिवाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.) नवख्या लेखकाच्या पानात सगळ्यात जास्त आढळतं ते हेच. आपल्याला जे जे कळलं ते सगळं एकाच पानावर ओतायची घाई.

एक परिच्छेद सोलून बघू

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे. डेव्हलपरकडून नेहमी येतो तसा मजकूर घेऊ:

‘दरपत्रकाची सीएसव्ही फाइल योग्य फॉरमॅटमध्ये अपलोड करून प्रभावी दिनांक निश्चित करावा. त्यानंतर प्रणालीद्वारे नवीन दर आपोआप लागू केले जातील.’

वाचायला गुळगुळीत आहे, खोटं यात काही नाही, आणि यावरून काम मात्र कुणालाच करता येणार नाही. ‘योग्य फॉरमॅट’ म्हणजे कुठला? संघाकडून आलेली फाइल सचिवाने एक्सेलमध्ये उघडून नुसती जतन केली, तरी ३.० फॅटचं ३ होऊन बसतं आणि फाइल नाकारली जाते. ‘प्रभावी दिनांक’ टाकला, पण दूध दिवसातून दोनदा येतं; दर सकाळच्या पाळीपासून की संध्याकाळच्या? ‘आपोआप’ म्हणजे कधी, आणि झालं की नाही हे कळणार कशावरून? शिवाय ‘करावा’. हा हुकूम आहे की सल्ला? आणि ‘प्रणालीद्वारे लागू केले जातील’ यात कोण काय करतंय हे शोधायला भिंग लागेल.

हाच मजकूर आमच्याकडे आता असा आहे:

नवीन दरपत्रक लावणे

सुरू करण्याआधी: चालू पाळी बंद करा. पाळी चालू असताना ‘नवीन’ हे बटण करडं दिसतं आणि दाबलं जात नाही. संघाकडून आलेली फाइल एक्सेलमध्ये उघडू नका.

१. ‘मास्टर’ मेन्यूतून ‘दरपत्रक’ उघडा. सध्या लागू असलेलं दरपत्रक सर्वांत वर हिरव्या पट्टीत दिसतं.

२. ‘नवीन’ दाबा आणि ‘गाय’ किंवा ‘म्हैस’ निवडा.

३. ‘फाइल निवडा’ दाबून फाइल घ्या. खाली तक्ता उघडतो: डावीकडे वरून खाली फॅट, वरच्या ओळीत एसएनएफ. गायीच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या चौकटीतला दर संघाच्या परिपत्रकाशी जुळवून पाहा. जुळत नसेल तर ‘रद्द’ दाबा. अजून काहीही बदललेलं नाही.

४. तारीख निवडा, मग पाळी निवडा.

५. ‘लागू करा’ दाबा. काही सेकंद पडदा जागचा हलत नाही. पुन्हा दाबू नका. काम झालं की हिरव्या पट्टीत नव्या दरपत्रकाची तारीख येते.

तारीख आली नाही तर: ‘दर जुनाच दिसत असेल तर’ हे पान उघडा.

लांबी वाढली, कबूल. पण शब्दांची काटकसर हा निकष धरायचा तो वाचकाचा वेळ वाचावा म्हणून, आणि इथे त्याचा वेळ फोन लावण्यात जात होता. महत्त्वाच्या पायऱ्यांचे दोन भाग आहेत ते बघा: काय करायचं, आणि केल्यावर काय दिसतं. दुसरा भाग जवळजवळ सगळेच गाळतात. लिहिणाऱ्याला तो डोळ्यांसमोर दिसत असतो, म्हणून लिहावासा वाटत नाही. वाचणाऱ्याला मात्र आपण बरोबर वाटेवर आहोत की भरकटलो, हे सांगणारा तेवढाच आधार असतो.

तिसऱ्या पायरीतलं ‘अजून काहीही बदललेलं नाही’ हे वाक्य माझं आवडतं आहे. घाबरलेल्या माणसाला कुठपर्यंत परत फिरता येतं, ते ठिकाण सांगायलाच हवं. पाचव्या पायरीआधी तो निर्धास्त आहे, नंतर नाही.

क्रियापदं ‘करा’, ‘दाबा’, ‘निवडा’ अशी सरळ ठेवा. बटणाचं नाव पडद्यावर आहे तसंच लिहा, शुद्धलेखनाची चूक असली तरी. चूक सुधारायची ती आधी सॉफ्टवेअरमध्ये. आणि एका वस्तूला एकच नाव. एका पानावर ‘दरपत्रक’, दुसऱ्यावर ‘रेट चार्ट’, तिसऱ्यावर ‘दर तक्ता’ असं केलंत तर वाचक तीन वेगळ्या गोष्टी शोधत बसेल. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा आला की गुण कापत, ती सवय इथे सोडून द्यायची.

पडदा गप्प असतो तेव्हा

‘काय दिसतं’ यावर मी एवढी अडून का बसते, याचं उत्तर एका जाहीर अहवालात आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी कोड साठवण्याची ऑनलाइन सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला, आणि काय घडलं ते कंपनीने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केलं. रनबुक (सर्व्हर सांभाळताना कुठलं काम कसं करायचं याच्या लिहिलेल्या पायऱ्या) लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल वाचावा.

त्यांच्याकडे पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा एक मुख्य सर्व्हर होता आणि त्याची प्रत ठेवणारा एक दुय्यम. त्या दिवशी लोड वाढला, दुय्यम सर्व्हर मागे पडला. तो रिकामा करून मुख्यावरून नव्याने भरून घ्यायचा होता. त्यासाठी पीजी-बेसबॅकअप नावाची कमांड आहे. ती चालवली, तर ती काही न बोलता नुसती बसून राहिली. बिघाड नव्हता, मुख्य सर्व्हरने डेटा पाठवायला सुरुवात करावी म्हणून ती थांबली होती. पण ही कमांड अशी गप्प बसते हे त्यांच्या रनबुकमध्ये नीट लिहिलेलं नव्हतं, आणि त्या कमांडच्या अधिकृत दस्तऐवजातही नव्हतं. डेटाच्या डिरेक्टरीमुळेच अडतंय असं समजून इंजिनिअरने ती पुसायची कमांड दिली, आणि ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीतलं साडेचार जीबी शिल्लक होतं.

मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप निघतच नव्हता. बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेस ९.२ चं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते दर वेळी अपयशी होत होतं. तसं कळवणाऱ्या ईमेल सुटत होत्या, पण डीमार्क या ईमेल-पडताळणीच्या नियमात न बसल्याने पोचायच्या आधीच नाकारल्या जात होत्या. अखेर एका इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) कामी आला. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

आज पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात त्या कमांडच्या पानावर टीप आहे: सुरुवातीला चेकपॉइंट (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवणं) व्हावा लागतो, त्याला वेळ लागू शकतो, आणि तोवर कमांड काहीच करत नसल्यासारखी दिसेल. दोन ओळींची टीप. रनबुक लिहिताना या दोन ओळी सुचाव्यात म्हणून कमांड स्वतः चालवून बघावी लागते, हातात घड्याळ घेऊन. किती वेळ गप्प बसते, किती वेळानंतर काळजी करायची, थांबवली तर काय होतं. या तीन प्रश्नांची उत्तरं पानावर नसतील तर तो रनबुक अर्धा आहे.

या अहवालानंतर आमच्या रनबुकमध्ये दोन सवयी रुजल्या. पुसणारी, ओव्हरराइट करणारी कुठलीही पायरी असेल तर तिच्या अगोदरची पायरी ‘तुम्ही कुठल्या सर्व्हरवर आहात ते पाहा’ हीच असते, आणि तिथे कुठलं नाव दिसलं पाहिजे तेही लिहिलेलं असतं. ‘योग्य सर्व्हरवर असल्याची खात्री करा’ असं आम्ही लिहीत नाही. खात्री तर त्या इंजिनिअरचीही होती. दुसरी सवय: बॅकअपच्या पानाला जोडून बॅकअप परत आणण्याचं पान असतं, आणि ते शेवटचं कधी करून बघितलं त्याची तारीख वरच असते. तारीख जुनी दिसली की पान वाचणाऱ्याला आपोआप शंका येते. यायलाच हवी.

संदर्भाची पानं कंटाळवाणीच हवीत

कमांड, सेटिंग, एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय) यांची पानं वेगळ्या जातीची. तिथे सगळ्या पानांचा साचा एकच पाहिजे. नमुना बघायचा असेल तर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची मॅन पानं, म्हणजे मॅन्युअलची पानं, बघा. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७१ मध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं, तेव्हापासून नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फायली, हेही पाहा, अशी शीर्षकं ठरलेली आहेत. त्यात ‘बग्ज’ असंही एक शीर्षक होतं आणि आजही असतं. आपल्या प्रोग्रॅमची लंगडी बाजू त्याच्याच मॅन्युअलमध्ये छापायची, हे मला फार मोठेपणाचं वाटतं. आमच्या मार्केटिंगवाल्यांना ‘ज्ञात अडचणी’ हे शीर्षक पटवायला बराच काळ लागला. फोन कमी झाले तेव्हा पटलं.

एपीआयच्या पानावर डेव्हलपर आधी उदाहरण शोधतो, ते कॉपी करतो, चालवतो, आणि अडला तरच मजकूर वाचतो. म्हणून उदाहरण चालणारं हवं. विनंती पूर्ण द्या, येणारं उत्तरही पूर्ण द्या. एररच्या तक्त्यात ‘कोड’ आणि ‘अर्थ’ असे दोनच रकाने असतात. ‘काय करायचं’ हा तिसरा घाला. ४०१ म्हणजे ‘अनधिकृत’ हे त्याला ठाऊक आहे. टोकन (प्रवेशाची डिजिटल चावी) मुदत संपून गेलं की चुकीचं आहे, आणि नवं कुठून मिळेल, हे त्याला हवंय. अट सांगताना कडक अट आणि शिफारस यांतला फरक ठेवा. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ मध्ये आरएफसी २११९ या दस्तऐवजाने नेमकं हेच केलं: ‘केलंच पाहिजे’, ‘केलेलं बरं’ आणि ‘केलं तरी चालेल’ यांसाठी ठरावीक शब्द बांधून दिले. आपल्या पानांतही तीन पातळ्यांना तीन ठरलेल्या शब्दरचना ठेवल्या की वाद मिटतात.

जाता जाता: उदाहरणांत आणि स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या शेतकऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, बँक खातं येऊ देऊ नका. चाचणीसाठी खोटी संस्था, खोटे सभासद तयार ठेवा. पण खोटा डेटा खऱ्यासारखा असू द्या. ‘एबीसी’ नावाच्या सभासदाने ९९९ लिटर दूध घातलं, असलं उदाहरण बघून वाचकाचा पानावरचाच विश्वास उडतो.

गप्प बसून तपासणं

पान लिहून झालं की ते काम कधीही न केलेल्या माणसाला शोधा. आमच्याकडे हिशेबाच्या खोलीतल्या मावशी यात पटाईत आहेत, कारण त्यांना कुणाचं मन राखायची सवय नाही. त्यांच्यापुढे पान आणि लॅपटॉप ठेवायचा, बाजूला बसायचं आणि तोंड बंद. हे सगळ्यात अवघड. त्या चुकीच्या मेन्यूवर गेल्या की ‘नाही नाही, वरचा’ असं अगदी ओठावर येतं. गिळायचं. केंद्रावर तुम्ही शेजारी बसलेल्या नसणार. त्या जिथे थांबतात, मागे जाऊन पुन्हा वाचतात, पुटपुटतात, तिथे पेन्सिलने खूण करायची. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही, प्रश्न लिहून घ्यायचा.

दरपत्रकाच्या पानावर मावशी तिसऱ्या पायरीला अडल्या. तक्त्यात फॅट उभं की आडवं हे त्या वेळी पानावर नव्हतं, आणि ३.५ कुठे शोधायचं हे त्यांना कळेना. ‘डावीकडे वरून खाली फॅट’ हे शब्द तिथून आलेत. डेव्हलपर, टेस्टर आणि मॅनेजर, सगळ्यांनी पान आधी तपासलं होतं. त्यांना तक्ता रोजचा, त्यामुळे काही खटकलं नाही.

हल्ली पहिला मसुदा चॅटबॉटकडून करून घ्यायची पद्धत पडलीये. घ्या, माझी हरकत नाही; शीर्षकं, क्रम, भाषा नीटनेटकी मिळते. पाळी चालू असताना बटण करडं होतं हे मात्र त्याला ठाऊक नसतं, आणि काही वेळा तो नसलेलं बटण पूर्ण आत्मविश्वासाने सांगतो. म्हणून मसुदा कुणाचाही असो, प्रत्येक पायरी हाताने करून बघितल्याशिवाय आमच्याकडे पान चढत नाही.

पान शिळं होऊ नये म्हणून

याला मला एकच उपाय लागू पडलेला दिसलाय: पान कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या जागेत) ठेवा, आणि बटण बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (कोडमधला बदल स्वीकारा अशी विनंती) पानाचा बदलही मागा. वेगळ्या विकीवर ठेवलेलं पान ‘रिलीजनंतर बघू’ म्हणत मागे पडतं. स्क्रीनशॉट कमीत कमी घ्या. रंग बदलला तरी ते जुने दिसतात आणि वाचकाला वाटतं, आपण भलत्याच जागी आलो. जी पानं आता लागू नाहीत ती काढून टाका. ‘राहू दे, कुणाला लागलं तर’ म्हणून ठेवलेलं पान नेमकं शोधात सगळ्यात वर येतं.

सराव कुठे करायचा, हे नेहमी विचारलं जातं. नोकरीची वाट बघू नका. तुम्ही स्वतः वापरता असं एखादं मुक्त सॉफ्टवेअर घ्या, लहानसंच. रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकावर) त्याच्या रीडमी या माहितीच्या फाइलप्रमाणे अक्षरशः एकेक ओळ करत ते बसवा. ठाऊक असलेलं काहीही मनाने भरायचं नाही. कुठेतरी अडेल. बहुतेक वेळा आधी लागणारं एखादं पॅकेज सांगितलेलं नसतं, नाहीतर आवृत्ती जुनी असते. अडलं ती ओळ, तिथे काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं टिपा, दुरुस्ती करा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा. सगळं रीडमी सुधारायला जाऊ नका, अनोळखी माणसाने केलेला मोठा बदल बघायला सांभाळणाऱ्यांना सवड नसते. चार ओळींचा, स्वतः करून बघितलेला बदल सहसा घेतला जातो, आणि नाही घेतला तर का नाही हे कुणीतरी लिहून कळवतं. आमच्याकडे अर्ज करताना बायोडेटासोबत अशा दोन-तीन पुल रिक्वेस्टच्या लिंक असल्या की मी आधी त्या उघडते.